दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण गाडी सुरू होत नाही

"बॅटरीचं काही नाही हो, हेडलाइट लागतायत की!" गाडी सुरू होत नसली की हे वाक्य हमखास ऐकू येतं. हेडलाइट लागतात हे खरंच असतं, पण त्यावरून बॅटरी चांगली ठरत नाही.

आधी आकडे बघू. साधे ५५ वॅटचे दोन हॅलोजन हेडलाइट मिळून ९ ते १० अँपिअर घेतात. हॉर्नला ४ ते ६ अँपिअर पुरतात. डॅशबोर्डवरचे दिवे तर मोजण्यात धरायचीही गरज नाही. याउलट छोट्या पेट्रोल गाडीचा सेल्फ (स्टार्टर मोटर) इंजिन फिरवताना १०० ते १५० अँपिअर ओढतो आणि जागेवरून हलवायच्या पहिल्या क्षणी त्याच्या कितीतरी जास्त. डिझेलमध्ये हाच आकडा २०० ते ४०० पर्यंत जातो. म्हणजे हेडलाइट लावून तुम्ही तपासलंत ते बॅटरी १० अँपिअर देते का एवढंच. सेल्फला लागणारे १५० ती देईल की नाही, याबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

बॉनेट उघडण्याआधी एक गोष्ट नक्की करा. चावी फिरवल्यावर इंजिन फिरतं की फिरत नाही? "स्टार्ट होत नाही" असं मेकॅनिकला फोनवर सांगणं म्हणजे काहीच न सांगणं. "सेल्फ मारत नाही" आणि "सेल्फ मारतो पण इंजिन पकडत नाही" हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची कारणं सहसा एकमेकांत मिसळत नाहीत. सेल्फ व्यवस्थित मारत असेल तर बॅटरी बदलून उपयोग नाही. सेल्फच मारत नसेल तर प्लग आणि पेट्रोल पंप तपासत बसणं वेळ घालवणं आहे. तरी लोक नेमकं उलटं करतात.

सेल्फ मारत नाही

कान आणि हेडलाइट, दोन्ही वापरा. हेडलाइट लावून ठेवा, समोर भिंत असली तर उत्तम, आणि चावी स्टार्टवर फिरवा.

दिवे जवळपास विझले आणि आतून टक-टक-टक-टक असा भराभर आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल (बॅटरीवरचा वायरीचा जोड) ढिलं आहे. हा आवाज सेल्फवरच्या सोलेनॉइडचा, म्हणजे मोटरला करंट जोडणाऱ्या चुंबकी स्विचचा. त्यात दोन कॉइल असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. ओढणारी कॉइल काँटॅक्ट जुळवते, मोटरला करंट जातो, त्या ओझ्याने बॅटरीचं व्होल्टेज एकदम खाली येतं, धरून ठेवणाऱ्या कॉइलमध्ये जोर उरत नाही आणि काँटॅक्ट सुटतो. ओझं गेलं की व्होल्टेज परत चढतं आणि काँटॅक्ट पुन्हा जुळतो. हे सेकंदाला अनेकदा घडतं. असा आवाज येत असेल तर रिले (छोट्या करंटवर चालणारा स्विच), फ्यूज, चावीचा स्विच हे सगळं ठीक आहे असं समजा. स्टार्टचा हुकूम सोलेनॉइडपर्यंत पोचतोय म्हणूनच तो टकटकतोय.

एकच जाड 'खट्' आवाज आला आणि दिवे फारसे मंदावले नाहीत, तर सोलेनॉइडने काम केलं पण मोटरने करंट घेतलाच नाही. सोलेनॉइडचे आतले काँटॅक्ट जळलेत किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत. तोच 'खट्', पण दिवे एकदम मंद झाले आणि मंदच राहिले, तर मोटर करंट ओढतेय पण फिरू शकत नाहीये. सेल्फ आतून जाम आहे किंवा इंजिनच जाम आहे. बॅटरी फारच बसली असेल तरी असंच दिसतं, म्हणून मोजल्याशिवाय सेल्फला दोष देऊ नका.

दिव्यांत काहीच फरक नाही, आवाजही नाही, तर सेल्फपर्यंत हुकूमच जात नाही. आणि मोटर 'घूंऽऽ' करत मोकळीच फिरली, इंजिन हललं नाही, तर बेंडिक्सचा (सेल्फचा गिअर इंजिनला जोडणाऱ्या भागाचा) क्लच घसरतोय किंवा फ्लायव्हीलच्या (इंजिनच्या जड चाकाच्या) रिंगचे दाते एका जागी झिजलेत. दात्यांची शंका असेल तर चावी बंद करून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका, दोन-तीन फूट ढकला, न्यूट्रल करून पुन्हा सेल्फ मारा. आता पकडलं तर रिंगच दोषी. हा खर्च मोठा असतो, कारण गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

आता मोजमाप. मल्टिमीटर नसेल तर घ्या. साधा स्वस्तातलाही चालतो, कारण इथे अचूकतेपेक्षा कुठे टेकवायचा हे महत्त्वाचं आहे. गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट आले तर ती पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. ११.८ च्या आसपास ती रिकामीच. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर आकडा फुगलेला येतो, म्हणून दोन मिनिटं हेडलाइट लावा, बंद करा आणि मग मोजा.

पण उभ्या गाडीचा हा आकडा अर्धीच माहिती देतो. जुनी, प्लेटा खराब झालेली बॅटरीही उभ्याने १२.५ दाखवते. खरी परीक्षा सेल्फ मारताना. मीटरच्या पिना बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर धरा, त्यांना आवळलेल्या वायरीच्या क्लॅम्पवर नाही, आणि दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. १० च्या वर राहिली तर बॅटरी धडधाकट. भरलेली असूनही ९.६ च्या खाली गेली तर बॅटरी संपत आलीय. ६-७ पर्यंत कोसळली तर शंकाच नको. आणि सेल्फ गप्प असताना मीटर १२.५ वरून हललंच नाही, तर बॅटरीला निर्दोष सोडा. तिच्याकडे कोणी करंट मागितलेलाच नाही.

आपल्याकडे चारचाकीची बॅटरी साधारण तीन-चार वर्षं काढते. तिला मारतो तो उन्हाळा. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात बॉनेटखाली जी उष्णता साचते त्यात पाणी आटतं, प्लेटा झिजतात. मरण मात्र दिसतं ते डिसेंबरच्या पहाटे, कारण गार झालेल्या इंजिनातलं तेल घट्ट असतं आणि सेल्फला जास्त जोर लागतो. मग दोष थंडीवर जातो.

बॅटरी ठीक निघाली तर पुढचा संशय टर्मिनलवर. हा दोष मी सगळ्यात वर ठेवेन, कारण तो फुकटात दुरुस्त होतो आणि तरी लोक त्यापायी नवी बॅटरी विकत घेतात. नवी बसवताना टर्मिनल साफ होऊन घट्ट बसतं, गाडी सुरू होते आणि जुनी बॅटरी भंगारात जाते! खुंटीवर हिरवी-पांढरी बुरशी दिसली तर कळतं तरी. खुंटी आणि क्लॅम्प यांच्या मध्ये बसलेला काळपट पातळ थर बाहेरून दिसतच नाही. सेल्फ मारताना मीटरची एक पिन खुंटीवर आणि दुसरी त्याच खुंटीच्या क्लॅम्पवर धरा. आकडा शून्याजवळ हवा. ०.१ च्या वर जातोय म्हणजे जोड खराब आहे.

साफ करताना १० नंबरचा पाना घ्या आणि आधी निगेटिव्ह सोडा. आधी पॉझिटिव्ह सोडायला गेलात आणि पाना चुकून बॉडीला टेकला, तर पूर्ण बॅटरी पान्यातून शॉर्ट होते. निगेटिव्ह आधीच सुटलेला असेल तर हा धोका राहत नाही. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून बुरशी धुवा, बॅटरीच्या झाकणांतून ते पाणी आत जाऊ देऊ नका. कोरडं करून खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करा. आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह असं बसवा. हाताने पिळून क्लॅम्प जरासाही फिरता कामा नये. व्हॅसलीन लावायचं ते घट्ट केल्यावर, वरून. क्लॅम्प सैल होतो म्हणून मध्ये पत्र्याची पट्टी कोंबायचा जुगाड चार दिवस चालतो. क्लॅम्पच बदला, त्याची किंमत फार नसते.

अर्थिंग आणि एक शतांश ओम

बॅटरी चांगली, टर्मिनल साफ, तरी सेल्फ रडतखडत फिरतो किंवा फिरतच नाही. अशा वेळी पुष्कळ गॅरेजांत सेल्फ उतरवला जातो. त्याआधी दोन मोजमापं करा. ती करताना इंजिन चुकून सुरू होऊ नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून ठेवा, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला.

पहिलं मोजमाप: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर. सेल्फ मारताना ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर अर्थिंग, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट, खराब. दुसरं: एक पिन पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरी सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर. इथे ०.५ ही हद्द.

हे ओममध्ये का मोजत नाहीत? कारण साध्या मीटरला हा दोष दिसतच नाही. समजा गंजलेल्या जोडात एक शतांश ओमचा अडथळा आहे. १० अँपिअरच्या हेडलाइटला तिथे ०.१ व्होल्ट कमी पडतील, डोळ्याला फरक कळणार नाही. १५० अँपिअरच्या सेल्फला त्याच जागी १.५ व्होल्ट कमी पडतात आणि दोनशेच्या वर वॉट त्या जोडात नुसते तापण्यात जातात. दिवे लागतात आणि गाडी सुरू होत नाही, या कोड्याचं उत्तर बहुतेकदा एवढ्या गणितात असतं. सेल्फ मारल्यावर कुठलाही जोड हाताला गरम लागला तर दोष तिथेच शोधा.

अर्थिंगची पट्टी बॅटरीपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिन किंवा गिअरबॉक्सला जाते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे ही पट्टी तुटली तर करंटला परतायला सरळ वाट राहत नाही. मग तो ॲक्सिलरेटरच्या किंवा गिअरच्या केबलमधून वाट काढतो. त्या केबल गरम होतात, कधी वितळतातही. रत्नागिरी, मालवण, गोव्यासारख्या किनाऱ्यावर राहणाऱ्या गाड्यांत ही पट्टी खाऱ्या हवेने आतून हिरवी होऊन भुगा झालेली सापडते, वरून मात्र शाबूत दिसते. झटपट तपासणी अशी: जंप केबलची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनच्या धातूला लावा. सेल्फ एकदम जोरात फिरला तर नवी पट्टी टाका, काम संपलं.

दोन्ही मोजमापं ठीक आली तर सोलेनॉइडच्या बारीक वायरीवर या. सर्किटच्या भाषेत हे ५० नंबरचं टर्मिनल, आणि जाड वायरीचं ते ३०. इथे मीटरऐवजी टेस्ट लॅम्प वापरावा, म्हणजे होल्डरमधला २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब आणि दोन वायरी. तुटत आलेल्या वायरीचा एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर करंट घेतच नाही. बल्ब घेतो, म्हणून तो लबाडी पकडतो. मात्र हा बल्ब ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), सेन्सर आणि एअरबॅगच्या पिवळ्या वायरींना कधीही लावू नका.

चावी स्टार्टवर असताना त्या बारीक वायरीवर बल्ब लख्ख लागला आणि सेल्फ गप्प, तर सेल्फ उतरवा. ब्रश झिजले असतील तर सेल्फच्या बॉडीवर पान्याच्या दांड्याने हलके दोन ठोके मारत चावी फिरवली की एखाद्या वेळी चालून जातो. हलकेच मारा. हल्लीच्या सेल्फमध्ये चुंबक चिकटवलेले असतात आणि हातोडीने ते तडकतात. ठोकून सुरू झाली तर गाडी बंद न करता थेट इलेक्ट्रिशियनकडे न्या. ब्रश आणि सोलेनॉइडचे काँटॅक्ट बदलून मिळतात. पूर्ण नवा सेल्फ घ्यायचा सल्ला लगेच मानू नका, आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) जळलं असेल तर गोष्ट वेगळी.

बल्ब लागलाच नाही तर हुकूम वाटेत अडलाय. फ्यूज बघा. सेल्फचा रिले काढून त्याच नंबरचा दुसरा, बहुधा हॉर्नचा, तिथे लावून बघा. रिलेवर ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिना असतात, त्यांच्यात साधारण ७० ते १०० ओम यायला हवेत. ऑटोमॅटिक गाडी 'पी' ऐवजी 'एन' मध्ये टाकून बघा. 'एन' मध्ये सुरू झाली तर गिअर 'पी' किंवा 'एन' मध्ये असल्याशिवाय सेल्फ न देणारा इनहिबिटर स्विच गेलाय. मॅन्युअलमध्ये क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ न देणाऱ्या गाड्या आता पुष्कळ आहेत, आणि वर टाकलेलं जाडजूड मॅट पेडलखाली आलं तर पेडल शेवटपर्यंत जातच नाही. मॅट काढा आणि मगच पुढे शोधा. बटण स्टार्टच्या गाडीत ब्रेक दाबल्यावर मागचा लाल दिवा लागतो का बघा. लागत नसेल तर ब्रेक स्विच किंवा त्याचा फ्यूज गेलाय, आणि ब्रेक दाबलाय हे गाडीला कळतच नाहीये. किल्लीतला सीआर २०३२ सेल संपला असेल तर किल्लीच बटणाला टेकवून दाबा. बहुतेक गाड्यांत चालतं.

सीएनजीवाल्यांसाठी एक खास जागा. कंपनी फिटेड सीएनजी गाड्यांत गॅस भरताना इंजिन सुरू होऊ नये म्हणून गॅस भरायच्या झाकणापाशी मायक्रोस्विच असतो. पंपावरून निघताना झाकण नीट बसलं नाही, किंवा स्विचमध्ये चिखल गेला, की गाडी ठार गप्प. पंपावरच बंद पडलेल्या सीएनजी गाडीचं बॉनेट उघडण्याआधी ते झाकण उघडून पुन्हा दाबून लावा.

पावसाळ्यात पाण्यात उभी राहिलेली गाडी

इथे सगळे नियम बाजूला. पाणी सायलेन्सरच्या किंवा बंपरच्या वर गेलं होतं अशी शंका असेल तर सेल्फ मारूच नका, एकदाही नाही. १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात. कॉम्प्रेशन १० ला १ धरलं तर पिस्टन वर पोचल्यावर जागा उरते ३३ मिलिलिटर, म्हणजे दोन मोठे चमचे. डिझेलमध्ये ती २० च्या आसपास. तेवढं पाणी आत गेलं तरी पिस्टनला वर जायला जागा राहत नाही. पाणी हवेसारखं दबत नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फच्या जोराने तो वाकेलच असं नाही, पण एखादा सिलिंडर पेटला आणि इंजिनने वेग घेतला तर नक्की.

बॅटरीची निगेटिव्ह सोडा, गाडी टोइंगने न्या. सगळे स्पार्क प्लग काढून क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने फिरवायचं, प्लगच्या भोकांतून पाणी बाहेर येतं. ऑइल दुधाळ दिसलं तर ते आणि फिल्टर दोन्ही बदलायचे. पाण्यातून काढल्यावर सेल्फ मारून झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कलम घ्यावं लागतं. ते जूनच्या आधी तपासून ठेवावं.

सेल्फ मारतो, इंजिन पकडत नाही

पुन्हा आधी कान. नेहमीची लय आहे का? प्रत्येक सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला सेल्फ जरा अडखळतो, म्हणून 'रॅ-रॅ-रॅ' असा तुटक आवाज येतो. त्याऐवजी सलग, नेहमीपेक्षा वेगात, गुळगुळीत घरघर आली तर कॉम्प्रेशन नाही, बहुधा टायमिंग बेल्ट तुटलाय. तिथेच थांबा. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतो, आणि प्रत्येक सेल्फबरोबर नुकसान वाढू शकतं. जुन्या मारुती ८०० आणि सँट्रोला बेल्ट असतो, मारुतीच्या के सिरीज इंजिनांना चेन. आपल्या गाडीला काय आहे आणि बदलायचं अंतर किती, हे मॅन्युअलमध्ये बघून ठेवा.

लय ठीक असेल तर चावी फक्त ऑनवर न्या आणि डॅशबोर्ड बघा. चेक इंजिनचा दिवा लागायलाच हवा. लागलाच नाही तर ईसीयूला सप्लाय नाही. मेन रिले आणि ईसीयूचा फ्यूज बघा, बाकी काही बघू नका. चावीच्या चित्राचा दिवा भराभर लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) चावी ओळखलेली नाही. चावीतली चिप पडून हरवली असेल, किंवा त्याच रिंगमध्ये दुसऱ्या गाडीची चिपवाली चावी असेल. ती काढा, दुसरी चावी वापरून बघा.

मग पेट्रोल. चावी ऑन केल्यावर मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद 'झूंऽ' असा पंपाचा आवाज यायला हवा. म्युझिक, पंखा बंद करून एकाला मागे बसवा. आवाज नाही? पंपाचा फ्यूज, मग रिले. फियाट आणि फोर्डच्या बऱ्याच गाड्यांत धक्का बसला की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच असतो, त्याचं बटण दाबून रीसेट होतो. मोठ्या खड्ड्यातही तो कधी पंप बंद करतो. पंपाच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतायत आणि पंप गप्प असेल तर टाकीच्या तळाला हाताने थोपटा. चालला तर पंप शेवटच्या घटका मोजतोय. पंप आवाज करतो म्हणजे प्रेशर देतोच असं मात्र नाही. पोर्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल पोचवणाऱ्या नळीवर) साधारण ३ बार लागतात आणि ते गेजनेच कळतं.

सीएनजीवर पळणाऱ्या गाड्यांत पंप लवकर जातो, कारण मालक टाकीत दोन लिटरच पेट्रोल ठेवतो. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो. शिवाय महिनोन्‌महिने तेच पेट्रोल शिळं होतं, आणि ज्या गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन मग सीएनजीवर जातात त्या सकाळी पकडत नाहीत. निदान पाव टाकी पेट्रोल असू द्या. सीएनजी पेटवायला स्पार्कही जास्त ताकदीचा लागतो, म्हणून प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवतात आणि प्लग लवकर बदलतात.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा जरा हलतो का, हेही बघा. बऱ्याच गाड्यांत तो २०० च्या आसपास उचलतो. अजिबात हलत नसेल तर क्रँक सेन्सरवर संशय घ्या. तो ईसीयूला इंजिन फिरतंय हे सांगतो. तो गप्प असेल तर ईसीयू स्पार्कही देत नाही आणि पेट्रोलही नाही. या सेन्सरची खोड ओळखता येते: गाडी तापल्यावर बंद पडते, अर्ध्या तासाने गार झाल्यावर काहीच न झाल्यासारखी सुरू होते. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीतले दोष वाचायच्या जोडणीला) ईएलएम ३२७ जातीचा ब्लूटूथ स्कॅनर लावला तर पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरचा, पी०३४० कॅम सेन्सरचा. कोड आला म्हणून लगेच सेन्सर विकत घेऊ नका. आधी त्याची वायर बघा. उंदरांना बॉनेटखालची ऊब आवडते आणि सेन्सरच्या बारीक वायरी ते आधी कुरतडतात. तिथेच एअर फिल्टरचं खोकंही उघडा, कधी आत घरटंच निघतं.

शेवटी प्लग काढून बघा. ओले आणि पेट्रोलचा वास म्हणजे पेट्रोल पोचतंय, स्पार्क नाही किंवा इंजिन फ्लड झालंय, म्हणजे आत पेट्रोल जास्त झालंय. कोरडे म्हणजे पेट्रोल पोचत नाही. गार गाडी सुरू करून पार्किंगमध्ये दहा फूट सरकवून लगेच बंद केली की फ्लड होण्याची शक्यता बरीच. उपाय फुकट आहे: ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवा आणि ८-१० सेकंद सेल्फ मारा. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत अशा वेळी ईसीयू पेट्रोल बंद करतो आणि नुसती हवा जाऊन प्लग वाळतात. इंजिन पकडलं की पाय उचला. एरवीही दहा सेकंदांपेक्षा जास्त सलग सेल्फ मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर एका दोषाचे दोन होतील. स्पार्क बघायला चिमट्याचा स्पार्क टेस्टर मिळतो. प्लगची वायर हातात धरून बघायची जुनी पद्धत आजच्या कॉइलसमोर मूर्खपणाची आहे.

सुरू होऊन लगेच मरते त्या गाड्यांचंही थोडं. एक-दोन सेकंदांत मेली तर इमोबिलायझर. चावी स्टार्टवरून सोडताच मेली तर चावीचा स्विच, त्याचा ऑनचा काँटॅक्ट झिजलाय. पाच-दहा सेकंद धापा टाकून मेली तर पेट्रोलचं प्रेशर, नाहीतर कार्बनने भरलेला थ्रॉटल बॉडी.

डिझेलमध्ये स्पार्कचा प्रश्नच नाही. कॉमन रेल इंजिनात रेलमध्ये २०० बारच्या आसपास प्रेशर तयार होईपर्यंत ईसीयू इंजेक्टर उघडत नाही, त्यामुळे सेल्फ हळू फिरला तरी गाडी पकडत नाही. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी पडल्यावर लाइनमध्ये हवा राहते. हातपंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबा. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सोडून पाणी काढा. गार इंजिन तापवणारे हीटर प्लग निफाड-महाबळेश्वरच्या थंडीत जाणवतात, मुंबईच्या मे महिन्यात त्यांना दोष देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका.

जंप देताना, आणि दिल्यानंतर

लाल वायर उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून तो जोड बॅटरीपासून लांब करायचा. चालू गाडी पाच मिनिटं तशीच ठेवा, मग सेल्फ मारा. केबल तांब्याची हवी, छोट्या पेट्रोल गाडीला निदान १६ चौरस मिलिमीटर, डिझेलला २५. बाजारातल्या पुष्कळ स्वस्त केबल जाड प्लॅस्टिकच्या आत तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या असतात.

धक्का स्टार्ट फक्त मॅन्युअल गाडीत, दुसऱ्या गिअरमध्ये, चावी ऑन ठेवून. डॅशबोर्डचे दिवेही लागत नसतील तर ईसीयू आणि पंपाला पुरेसं व्होल्टेज नाही, ढकलून माणसं दमतील फक्त. आणि जिथे सेल्फ छान मारतोय पण इंजिन पकडत नाही, तिथे धक्का मारून काय होणार? न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचीही वाट लागेल.

सुरू झाल्यावर लगेच बॅटरीवर मीटर लावा. १३.८ ते १४.५ असेल तर अल्टरनेटर भरतोय. १२.५ च्या खाली असेल तर बॅटरी बदलून काही होणार नाही, गाडी पुढच्या सिग्नलला पुन्हा रुसेल. अल्टरनेटर ठीक आणि बॅटरीही ठीक, तरी दोन-तीन दिवस उभी राहिली की उतरते? मग काहीतरी चोरून करंट खातंय. निगेटिव्ह खुंटी आणि तिची वायर यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या रेंजवर लावा, दारं लॉक करा आणि गाडी झोपायला अर्धा तास द्या. या काळात सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरपर्यंत ठीक. ३५ एएचच्या बॅटरीला अर्धा अँपिअरची गळती तीन दिवसांत कोरडं करते. एकेक फ्यूज काढत जा, जो काढल्यावर मीटरचा आकडा खाली येईल ते सर्किट धरा. बाहेरून बसवलेला डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर आणि म्युझिक सिस्टिम यांच्यापासून सुरुवात करा.